कागद लहान करण्याचे काम कोणाचे?

आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून डाउनलोड केलेली ई-आधारची पीडीएफ फाइल उघडायला आठ अक्षरांचा पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि जन्मसाल. ही तरतूद सुरक्षेसाठी आहे. पण तीच फाइल एखाद्या शिष्यवृत्तीच्या, दाखल्याच्या किंवा नोकरभरतीच्या अर्जाला जोडायला गेले, की अनेक ठिकाणी संकेतस्थळ ती घेत नाही. कधी पासवर्ड असलेली फाइल चालत नाही म्हणून, तर कधी फाइल ठरवून दिलेल्या आकारापेक्षा मोठी आहे म्हणून. मग अर्जदार ‘पीडीएफचा पासवर्ड कसा काढायचा’ असे शोधतो, वर आलेल्या दोन-तीन दुव्यांपैकी एक उघडतो, तिथे स्वतःचे आधार अपलोड करतो, विचारल्यावर पासवर्डही देऊन टाकतो आणि पासवर्ड काढलेली फाइल पुन्हा दुसऱ्या एखाद्या फुकट संकेतस्थळावर नेऊन ‘लहान’ करून घेतो. अशा रीतीने सरकारी यंत्रणेनेच दिलेला दस्तऐवज सरकारी यंत्रणेकडेच परत जाण्याआधी दोन परक्या संगणकांवरून फिरून येतो, आणि त्या फेरीची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात होत नाही.

कागदपत्रे जोडणे, तोडणे, फिरवणे, लहान करणे, त्यांचा प्रकार बदलणे हे काम ऑनलाइन साधनांवर करण्याची सवय आता सार्वत्रिक झाली आहे, आणि या साधनांबद्दल माझी तक्रार नाही. ती उपयुक्त आहेत आणि कित्येक छोट्या कार्यालयांचे काम त्यांच्यावरच चालते. आक्षेप आहे तो सरकारने हे काम नागरिकाच्या गळ्यात घालण्याला. फाइल हव्या त्या आकारात आणि प्रकारात आणणे ही संकेतस्थळाची तांत्रिक गरज आहे, अर्जदाराच्या पात्रतेशी तिचा काडीचाही संबंध नाही, आणि म्हणून ते काम संकेतस्थळानेच केले पाहिजे. ते तसे होत नाही तोवर लोकांची सर्वांत खासगी कागदपत्रे कुणाच्याही हाती देण्याची सक्ती सरकारच करते आहे, असेच म्हणावे लागेल.

या सक्तीचे स्वरूप आकड्यांत पाहणे उपयोगाचे आहे. आयबीपीएसच्या बँक भरतीचा अर्ज एकदा तरी भरलेल्या मुलामुलींना फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी हे माप तोंडपाठ असते. इतर ठिकाणी माप वेगळे: कुठे १०० केबी, कुठे २५६, कुठे ५००, कुठे फक्त जेपीजी, कुठे फक्त पीडीएफ, कुठे प्रत्येक कागद सुटा, तर कुठे सगळे कागद एकाच फाइलमध्ये आणि तेही क्रमाने. काही ठिकाणी खालचीही मर्यादा असते, त्यामुळे फाइल फार लहान झाली तरी ती परत येते. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू या बारकाईने, रंगीत स्कॅन केला, तर त्यात सुमारे ८७ लाख बिंदू असतात आणि दाबून न बसवलेले ते चित्र २६ एमबीच्या आसपास भरते. साध्या मोबाइलने काढलेला दाखल्याचा फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. तो १०० केबीत बसवायचा म्हणजे तिसाव्या, चाळिसाव्या किंवा पन्नासाव्या हिश्श्यावर आणायचा. एवढे दाबल्यावर सर्वांत आधी जाते ती गोल शिक्क्यातली अक्षरे, मग दाखल्याचा क्रमांक, मग नावातली वेलांटी. अर्ज तपासणाऱ्या लिपिकाला समोर दिसते ते धूसर चित्र, आणि तो नियमाप्रमाणे ‘कागदपत्र अस्पष्ट’ असा शेरा मारून अर्ज त्रुटीत काढतो. त्या लिपिकाचे त्यात काही चुकत नाही. कागद स्पष्ट हवा आणि तो १०० केबीतही हवा, या दोन मागण्या एकाच यंत्रणेने केल्या आहेत, त्यांचा मेळ घालण्याचे काम मात्र अर्जदारावर सोडले आहे.

हे काम अर्जदार स्वतः करतो असेही फारसे नाही. तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीसमोर झेरॉक्सची जी दुकाने असतात, त्यांतल्या एखाद्यात जरा वेळ उभे राहिले की महाराष्ट्राचा डिजिटल कारभार प्रत्यक्षात कोण चालवतो ते कळते. भिंतीवर दुकानाचा व्हॉट्सअॅप क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेला असतो आणि गिऱ्हाईक आपले आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला त्या क्रमांकावर पाठवते. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअॅप सकाळपासून उघडे असते. त्यातून फाइल डाउनलोड होते, शेजारच्या टॅबमधल्या फुकट संकेतस्थळावर ती लहान केली जाते, पुन्हा डाउनलोड होते आणि मग अर्जाला जोडली जाते. डाउनलोडचे फोल्डर उघडलेले असेल तर पडद्यावर आधार, आधार-१, आधार-२ अशी नावांची रांग खालपर्यंत लागलेली दिसते. प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि दाबलेली प्रत, वेगवेगळ्या माणसांची, एकाखाली एक. कोणी ती पुसत नाही, कारण पुसायला वेळ नसतो आणि उद्या तेच गिऱ्हाईक त्रुटीचा शेरा घेऊन परत येण्याची शक्यता असते. दुकानदाराला मी दोष देणार नाही. तो वीस-तीस रुपयांत जे काम करतो, ते खरे तर कोट्यवधी रुपये खर्चून उभ्या केलेल्या संकेतस्थळाने करायला हवे होते. पण शेकडो कुटुंबांच्या कागदपत्रांचा असा साठा कुलूप नसलेल्या संगणकावर पडून राहणे धोक्याचे आहे, आणि तो धोका सरकारी मापांमुळे निर्माण झाला आहे.

सरकारी यंत्रणेला या धोक्याची जाणीव नाही असे मानायला जागा नाही. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक सूचना काढली होती. आधारची छायाप्रत सरसकट कोणालाही देऊ नका, शक्यतो पहिले आठ अंक झाकलेले आधार वापरा, इंटरनेट कॅफेतल्या सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाउनलोड करणे टाळा आणि केलेच तर त्यावरच्या सर्व प्रती कायमच्या पुसून टाका, असा तिचा आशय होता. सूचना अक्षरशः योग्य होती. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, ती मागे घेण्यात आली. तिचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो असे कारण देण्यात आले आणि नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी एवढेच सांगण्यात आले. ज्याच्या घरी संगणक नाही आणि ज्याला अर्ज भरण्यासाठी दुकानाशिवाय दुसरी जागा नाही, त्याने ही नेहमीची सावधगिरी नेमकी कशी बाळगायची, याचे उत्तर मात्र त्या वेळी मिळाले नाही आणि पुढेही मिळाले नाही.

स्वतःच्या कागदांबाबत मात्र सरकार पुरेसे सावध आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे कळवले, कारण त्यांतून सरकारी माहितीची आणि दस्तऐवजांची गोपनीयता धोक्यात येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना लेखन, तक्ते आणि सादरीकरणासाठी झोहो या भारतीय कंपनीचा ऑफिस संच वापरण्यास सांगितले. या दोन्ही निर्णयांमागचा विचार एकच आहे: दस्तऐवज ज्या साधनावर संपादित होतो, त्या साधनाचा मालक कोण आणि फाइल कुठे साठते, हा प्रश्न किरकोळ नाही. तो विचार मला मान्य आहे. मंत्रालयातील टिपणीला जो न्याय लावला, तोच विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जाला जोडलेल्या मृत्यूच्या दाखल्याला का लावू नये, एवढेच विचारायचे आहे.

यावर असे म्हटले जाईल की, ही ऑनलाइन साधने चालवणाऱ्या कंपन्या काही चोर नाहीत. ते खरे आहे. बार्सिलोनाची आयलव्हपीडीएफ किंवा स्वित्झर्लंडची स्मॉलपीडीएफ या नावाजलेल्या सेवा आहेत, आणि अपलोड केलेल्या फाइली थोड्या वेळात आपोआप पुसल्या जातात असे त्या जाहीरपणे सांगतात. पण अर्जाची मुदत रात्री बारा वाजता संपत असताना अकरा वाजता फाइल लहान करायला बसलेला माणूस कंपनीचे नाव पाहून निवड करत नाही. जे संकेतस्थळ आधी दिसते ते तो उघडतो. नावाजलेल्या सेवांसारखीच नावे आणि तसेच रंग घेऊन बसलेली संकेतस्थळे कमी नाहीत. अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये नेमका याविषयी इशारा दिला होता: फुकटात फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या काही संकेतस्थळांवरून मिळणाऱ्या फाइलीसोबत घातक प्रणाली संगणकात शिरते, आणि दिलेल्या फाइलींमधून नावे, ओळख क्रमांक, बँकेचे तपशील, पासवर्ड अशी माहिती उचलली जाऊ शकते. काम खरोखरच होते, फाइल खरोखरच लहान होऊन मिळते, त्यामुळे वापरणाऱ्याला संशय येत नाही. इंग्रजीतल्या अटी न वाचता ‘मान्य’ म्हणणारा आपला अर्जदार त्या वेळी स्वेच्छेने संमती देतो, असे मानणे कायद्याला शोभणारे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संमती मुक्त, नेमकी, समजून दिलेली आणि विनाअट असावी असे म्हटले आहे. मुदतीच्या धाकाने दिलेल्या संमतीत यातले काय उरते?

दुसरा आक्षेप साठ्याचा. मोठ्या फाइली घ्यायच्या तर सर्व्हर कोठून आणायचे, असे संकेतस्थळ बांधणारे विचारतात. हिशेब करून पाहू. एखाद्या योजनेला एक कोटी अर्ज आले, प्रत्येकाला पाच कागद जोडले आणि प्रत्येक कागद दोन एमबीचा धरला, तरी एकूण साठा दहा कोटी एमबी, म्हणजे १०० टीबी होतो. आज वीस टीबीची एक हार्ड डिस्क बाजारात मिळते. सुरक्षिततेसाठी तीन प्रती ठेवल्या तरी पंधरा डिस्कचे काम आहे. सरकारी डेटा सेंटरचा खर्च यापेक्षा पुष्कळ जास्त येतो हे मान्य करूनही, एक कोटी कुटुंबांना दुकानात पाठवण्याइतका तो मोठा नक्कीच नाही. खेड्यातल्या मंद नेटवर्कवरून मोठी फाइल जात नाही, ही अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावरचा उपायही जुना आणि परिचित आहे: संकेतस्थळाच्या पानावरच अशी व्यवस्था करता येते की, फोटो निवडताच तो अर्जदाराच्याच मोबाइलमध्ये, ब्राउझरच्या आत, हव्या त्या मापात येतो आणि मगच पुढे जातो. फाइल बाहेर कुठेही जात नाही, वेगळे अॅप लागत नाही. पासवर्ड काढणे, पाने जोडणे, आडवा कागद उभा करणे हेही असेच करता येते, आणि सर्व्हरवर करायचे तर त्यासाठी घोस्टस्क्रिप्टसारखी मुक्त प्रणाली गेली कित्येक वर्षे उपलब्ध आहे. अवघड असे यात काही नाही. संकेतस्थळ बांधून घेण्याच्या निविदेत ते मागितले जात नाही, म्हणून ते होत नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे घेत नाही, पण सगळ्या व्यवस्थेच्या तळाशी तोच आहे: नागरिकाने कागद दाखवल्याशिवाय विश्वास कसा ठेवायचा? इथे ऑनलाइन संपादनाच्या साधनांनी एक विचित्र स्थिती आणली आहे. जे संकेतस्थळ फाइल लहान करून देते, तेच शेजारच्या बटणावर पीडीएफमधला मजकूर झाकून त्या जागी दुसरा लिहूनही देते. उत्पन्नाच्या दाखल्यातला एक आकडा बदलायला आता कसबी माणूस लागत नाही. म्हणजे पुराव्याची मागणी अशा रूपात केली जाते, ज्या रूपात फेरफार करणे सर्वांत सोपे आहे. याहून वाईट म्हणजे, ज्या कागदात फेरफार झाल्यास तो लगेच ओळखता येतो, त्याची ती ताकद आपणच काढून घेतो. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्या पीडीएफमधली स्वाक्षरी ही नुसती चित्रातली सही नसते. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला, तरी तपासणीत ते उघड होते. अशी फाइल १०० केबीत दाबली, जेपीजी केली किंवा छापून पुन्हा स्कॅन केली, की स्वाक्षरी संपली. उरतो तो सहीच्या चौकटीचा फोटो. खरा आणि आपोआप तपासता येणारा दस्तऐवज मोडून त्याचे न तपासता येणारे चित्र मागणारी ही पद्धत ज्याने आखली, त्याने कागदी फाइलीचा कारभार तसाच्या तसा पडद्यावर आणला, याहून अधिक काही केले नाही.

जाता जाता मराठीपुरते एक सांगायला हवे. शासन निर्णयाच्या पीडीएफमधला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, की ‘निर्णय’ या शब्दाचा ‘ननणणय’ झालेला अनेकांनी पाहिला असेल. फॉन्ट फाइलमध्ये ज्या रीतीने बसवला जातो त्याचा हा परिणाम आहे, आणि ऑनलाइन संपादकात मराठी पीडीएफ वर्डमध्ये बदलताना त्याचा पुरेपूर अनुभव येतो. स्वयंघोषणापत्राचे आणि हमीपत्राचे नमुने तर पुष्कळदा निव्वळ स्कॅन केलेले असतात. त्यांत टंकलिखित मजकूर भरताच येत नाही. माणूस ते छापतो, पेनाने भरतो, फोटो काढतो, लहान करतो, अपलोड करतो. पडद्यावरच भरता येईल असा युनिकोडमधला नमुना देणे एवढे एक काम केले, तरी या साखळीतल्या चार पायऱ्या गळून पडतील.

मात्र संकेतस्थळाने कागद स्वतः लहान करून घेणे ही झाली निम्मी सुधारणा. जो कागद सरकारनेच दिला आहे, तो मुळात परत मागायचा कशाला? डिजिलॉकर ही सरकारी दस्तऐवज ऑनलाइन ठेवण्याची केंद्राची सेवा २०१५ साली सुरू झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन तिच्यातून मिळणारे दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले गेले. असे असूनही डिजिलॉकरमधून गुणपत्रक डाउनलोड करा, त्यावर सही करा, स्कॅन करा आणि अपलोड करा, असे सांगणारी सूचनापत्रके आजही निघतात. २०२३ च्या माहिती संरक्षण अधिनियमाचे कलम ७ तर काही मर्यादांत असेही म्हणते की, लाभ, सेवा किंवा दाखला देण्यासाठी शासन स्वतःच्या नोंदींमध्ये आधीच असलेली माहिती नव्याने संमती न घेता वापरू शकते. हा अधिनियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. सवलत शासनाने स्वतःसाठी मागून घेतली आहे. तिचा फायदा अर्जदाराच्या पदरात पडेल अशी रचना मात्र अजून दिसत नाही.

सगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकांना जोडल्या तर नागरिकावर पाळत ठेवणे सोपे होईल, ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, तो याच प्रकारच्या भीतीची दखल घेऊन. पण एका अर्जापुरती, अर्जदाराच्या मोबाइलवर विचारून, एकच दाखला तपासण्याची परवानगी घेणे आणि त्या तपासणीची नोंद त्याला दिसेल अशी ठेवणे वेगळे, आणि सगळ्या खात्यांनी सगळे काही कधीही पाहणे वेगळे. तशीही आजची पद्धत खासगीपणा जपते असे कोण म्हणेल? तिच्यात माहिती सरकारकडे तर जातेच, शिवाय दुकानदाराकडे, व्हॉट्सअॅपवर आणि कुठल्या तरी परदेशी सर्व्हरवरही जाते.

सरकारने मनात आणले तर कागद कमी होतात, हे आपण पाहिले आहे. प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याऐवजी स्वयंघोषणा आणि स्वयंसाक्षांकन पुरेसे मानण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१५ साली घेतला, आणि ‘ट्रू कॉपी’साठी अधिकाऱ्यांच्या दारात उभे राहण्याचा एक पिढीजात त्रास थांबला. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा. सेतू केंद्रांपुढे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागल्या आणि आठवडाभरात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना तो दाखला माफ झाला. निवडणूक जवळ होती हे खरे. पण यंत्रणेला ते जमले, हेही तितकेच खरे.

हा त्रास वर्षानुवर्षे टिकून राहण्याचे एक कारण असे की, तो कोणत्याही अहवालात उमटत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र ती मुदत मोजली जाते परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. फाइल न स्वीकारल्यामुळे पडद्यावर लाल अक्षरांत आलेला नकार, त्यापायी दुकानात गेलेला दिवस, अस्पष्ट कागदामुळे त्रुटीत निघालेला अर्ज, हे सारे घड्याळ सुरू होण्याआधीच घडते. त्यामुळे नोंदींपुरती सेवा वेळेत दिलेली असते. म्हणून माझी मागणी संकेतस्थळाच्या दुरुस्तीपाशी थांबत नाही. अपलोड नाकारला गेल्याच्या प्रत्येक घटनेची कारणासह नोंद ठेवणे निविदेतच बंधनकारक करावे, आकार किंवा प्रकार या कारणावरून कोणताही अर्ज अपूर्ण मानू नये, आणि अशा नकारांची खातेनिहाय संख्या लोकसेवा हक्क आयोगाच्या वार्षिक अहवालात छापावी. कोणत्या खात्याने किती लोकांना दुकानात पाठवले, ते मग वाचता येईल.